फोटोपुरती

"हा ॲप्रन घाल आणि तिथं उभी राहा. मशीनला हात लावू नकोस."

साहेबांनी दुसऱ्या ट्रेनीचा धुतलेला ॲप्रन माझ्या अंगावर फेकला. कंपनीत पाहुणे येणार होते. फोटोत मुलगी पाहिजे होती.

नगरच्या एमआयडीसीत आठवडाभर ट्रेनिंग, रविवारी कॉलेज, शेवटी डिग्री, अशी योजना. पहिल्याच दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं. गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारलं. मग हातात झाडू दिला. पोरं लेथवर लोखंड कातायला शिकायची, मी त्यांच्या पायाखालचा लोखंडाचा भुगा गोळा करायची. शिकवा म्हटलं की साहेब म्हणायचे, "तुला कशाला? तुम्हाला सगळं आयतंच मिळतं." रविवारी सर फळ्यावर लेथ काढायचे, मी वहीत उतरवायची. प्रॅक्टिकल खऱ्या लेथवर होणार होतं. त्यात नापास म्हणजे डिग्री नाही. जीव नकोसा व्हायचा. बसमध्ये ओढणीत तोंड खुपसून रडायची.

फोटो निघाला. मी हसले, कारण हस म्हणाले. माझी आई घोडेगावच्या बाजारात चारा विकते. तिथं म्हशीची शिंगं रंगवून तिला उभी करतात. पण घेणारा तिचे दात तरी बघतो.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "काय बनवतेस यावर?"

साहेब बोलणार, तेवढ्यात मीच बोलले. "काही नाही, मॅडम. मला हात लावू देत नाहीत. मी इथं झाडते."

बाई साहेबांकडे बघून कसनुसं हसल्या आणि पुढच्या मशीनकडे गेल्या. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही.

घरी सांगितलं, तर आई घाबरली. "तोंड मिटून ऱ्हायचं हुतं बाई. डिग्री तर पडू द्यायची हुती पदरात."

"हाताला काम येत न्हाई, तर तिचं काय करू?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी झाडू पुढं केला. मी घेतला नाही. "मी ट्रेनी आहे. शिकवा, नाहीतर गेटबाहेर काढा."

त्यांनी काढलं नाही. शिकवलंही नाही. प्रॅक्टिकलला मी नापास झाले.

तो हसरा फोटो आता गेटवर लावलाय. रोज त्याच्याखालून आत जाते, लेथपाशी उभी राहते, पोरांचे हात बघते. साहेब ओरडतात. ओरडू देत. परीक्षेला मी पुन्हा बसणार. तोवर त्या लेथपासून हलणार नाही.