बुढ्याच्या उंचीची सीट

बोलते मी, लिहिते नात पिंकी. चुकलं तं तिलेच बोला.

आमचा बुढा, पिंकीचा आजा, उंच होता. तो गेल्यावर त्याची सायकल पिंकीले दिली, पण सीट त्याच्याच उंचीवर राहू दिली. अंगणात सायकल दिसली की वाटे, बुढा घरीच आहे.

आज पोरगी शाळेतून लंगडत आली.

"काऊन वं?"

"पायडलले पाय पुरत नाई, आजी, ताणून ताणून दुखते. पण सीट खाली केली तं तू रडशील."

तशीच सायकलवाल्याकडे नेली. पिंकीची टाच खालच्या पायडलवर ठेवून, गुडघा सरळ होईपर्यंत त्यानं सीट उतरवली.

"बाई, एवढी बस?"

"बस, भाऊ. बुढा काई भांडाले येत नाई आता."

पोरगी मजेत पुढं गेली. मी मागून रडत आली.

गेलेल्या माणसाच्या मापाची वस्तू तुम्ही दुसऱ्याच्या मापाची केली का? कसं सोसलं, सांगा.