एका माणसाची गाडी

उचगावच्या आमच्या शेडमध्ये दोन जुन्या गाड्या आहेत. माझी जीप आणि दादाची रेसिंग कार. भारी कुठली, यावर आम्ही सख्खे भाऊ आयुष्यभर भांडलो. जीपला चिखल, ओढा, उसाचं रान, काहीही चालतं. दहा माणसं कोंबा, वर दोन पोती टाका. दादाच्या गाडीत एकच माणूस बसतो, तोही अंग चोरून. बारीक खड्डा आला तरी तिचं पोट घासतं. पण सरळ रस्त्याला ती सुटली की मी मागं शिव्या देत नुसती धूळ खायचो.

पुढं रस्सा वरपून वरपून दादा एवढा सुटला, की त्या सीटमध्ये मावेना. मी त्याला लई चिडवलं. आता ही गाडी शोभेलाच, असं मनाशी धरून गेल्या वर्षी मी तिचा कार्बुरेटर काढून जीपला बसवला. दादाला विचारलंसुद्धा नाही. कुठलाही पार्ट कुठल्याही गाडीला बसवून दाखवायचा, ही आम्हा कोल्हापूरच्या मिस्त्री लोकांची मस्ती. जीपला पेट्रोल कमी पडायला लागलं, तर कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक ड्रिल मारून मोठं केलं.

मग दादाला पोटाचा कॅन्सर निघाला. चार महिन्यांत माणूस निम्मा झाला. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मला म्हणाला, "आता मावतोय बघ मी. एकदा चालवू दे की."

तो कार्बुरेटर परत दादाच्या गाडीला बसवून तीन दिवस मी त्याच्याशी झटलो. मोठं केलेलं भोक बारीक कसं करणार? एवढा जुना पार्ट कुठं मिळेना. इंजिन भसाभसा पेट्रोल प्यायचं आणि गप्प व्हायचं. शेवटी दादाला खरं सांगितलं. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त दोर बांधून ओढ म्हणाला.

रविवारी सकाळी वहिनीनं आणि मी त्याला उचलून गाडीत बसवलं. सीट आता त्याला सैल होत होती, म्हणून वहिनीनं दोन्ही बाजूंना उशा लावल्या. कार्बुरेटर परत जीपला चढवला होताच, तिला दोर बांधून मी कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यानं निघालो. आरशात जीपमागं फरफटत येणारी ती गाडी बघून मला माझीच किळस आली.

रस्ता संपला तिथं मी जीप उभी करून बंद केली. तरी मागून इंजिनचा आवाज येतच होता. चढत जायचा, गिअर पडल्यासारखा उतरायचा, परत चढायचा. मी वळून बघितलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून दादा तोंडानं गाडी पळवत होता. दम लागला तसा तो थांबला.

"थांबलास का लेका?" तो म्हणाला. "आत्ता कुठं टॉपला घातलीया."

मी रडत रडतच जीप चालू केली.