वर बघितलंस का?

आमच्या सरांना सगळं बोईसर दुर्बीणवाले डॉक्टर म्हणायचं, पण मला विचाराल तर त्यांचं खरं नाव ‘वर बघितलंस का’ हेच होतं. चावी सापडत नाही म्हटलं की हे पेपरातून मान न काढता विचारणार, "वर बघितलंस का?" डब्यातलं लोणचं कुठे गेलं? "वर बघितलंस का?" एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, वर फक्त पंखा आहे." तर म्हणाले, "मग पंखा बघून ये आणि कसा आहे ते मला सांग." नेमकी त्या दिवशी चावी कपाटाच्या डोक्यावर निघाली. मग काय, संध्याकाळपर्यंत त्यांचं ते मिश्कील हसू सोसत बसले.

मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. बेंबीपाशी बोटभर छेद घ्यायचा, त्यातून दुर्बीण आत सोडायची आणि समोरच्या पडद्यावर बघत आतलं काम करायचं, ही सरांची पद्धत. दुर्बीण धरायचं काम माझं. कारखान्यातले कामगार, किनाऱ्यावरचे मच्छीमार, आतल्या पाड्यांवरून झोळीत घालून आणलेली माणसं, आमच्याकडे यायचे ते सगळे पोट धरूनच. बिहारकडचा एक कामगार घाबरून विचारत होता, "साब, इतने छोटे छेद से इतनी बड़ी बीमारी कैसे निकलेगी?" सर म्हणाले, "चूहा भी बिल से ही निकलता है, बेटा. लेट जाओ." तो बिचारा हसला आणि हसल्यामुळे आणखी कळवळला.

पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी सर चहा मागवायचे. प्यायला नव्हे. वाफाळता ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसायचे, हात उबदार झाले की ग्लास तसाच ठेवून उठायचे. "गार हात लावला की पोट दचकतं आणि दचकलेलं पोट खोटं बोलतं," असं त्यांचं म्हणणं. मग डोळे मिटून हात ठेवायचे. बाहेर नातेवाइकांचा आरडाओरडा चाललेला असायचा, पण हे ढिम्म. मी तो निवलेला चहा इतक्या वेळा मोरीत ओतलाय, की त्या मोरीलाही चहाची सवय लागली असेल.

पण खरी गंमत, म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटायची, ती ऑपरेशन संपताना. सुजलेलं अपेंडिक्स काढलं, जागा धुतली, भूलवाले डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले, की सर म्हणायचे, "सिस्टर, पालखी." त्यांच्या गावी देवाची पालखी निघाली की एकही उंबरा चुकवत नसे. श्रीमंताचा नाही, भांडकुदळाचा नाही आणि रिकाम्या घराचाही नाही. तशी ही दुर्बीण सगळ्या पोटातून फिरवायची. उजवीकडून वर यकृतापाशी, छातीच्या पडद्याखाली, जठरावरून डावीकडे आणि मग खाली ओटीपोटात. दुखण्याचं कारण हाती लागलेलं असलं तरी फेरी व्हायचीच. आणि शेवटी, समोर सगळं दिसत असूनही, तो प्रश्न. "वर बघितलंस का?" "बघितलं, सर." "नीट?" "नीट." त्याशिवाय हा माणूस दुर्बीण बाहेर काढू द्यायचा नाही.

दरवर्षी एक बाई चिंचणीहून यायची. काशीबाई. पिशवीत सुके बोंबील, वर केळीचं पान. तिचा नवरा बाबू हा सरांच्या हातून गेलेला पेशंट, तेव्हा सर नुकते कुठे इथे आले होते. तरी ही बाई त्यांच्यासाठी वाळवण आणायची. "तुमच्या डॉक्टरनी खूप केलं गो त्याच्यासाठी," मला म्हणायची. "आमच्याच नशिबात नाय होतं." आणि सर? तिचा आवाज ऐकला की खोलीचं दार लोटून घ्यायचे. "तिला चहा दे. मी कामात आहे म्हणून सांग." कसलं काम! आत खुर्चीत नुसते बसलेले असायचे. ते बोंबील त्यांनी कधी घरी नेले नाहीत, आम्हालाच वाटून टाकायचे. मला त्या वेळी त्यांचा रागच यायचा. एवढ्या लांबून म्हातारी येते, दोन शब्द बोलायला काय जातं?

मग एके दुपारी एका पोराचं ऑपरेशन होतं. दुखत होतं खाली उजवीकडे, अपेंडिक्स लाल दिसत होतं, आणि पालखी फिरली तेव्हा वर जठराच्या तोंडाशी बारीकसं भोक निघालं. तिथून गळलेला स्राव उतरत खाली साचला होता. सरांनी भोक बुजवलं, पोर वाचलं. आम्ही खूश. सर मात्र कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले. मी पाणी नेलं तर म्हणाले, "बाबूचंही हेच होतं."

तेव्हा त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. बाबूने सांगितलं होतं, "डॉक्टर, आदी वर दुखत होतं, मंग खाली आलं." आता अपेंडिक्सचं दुखणंही पुष्कळदा असंच आधी वर आणि मग खाली येतं, कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं आहे. सरांनी खाली लहानशी चीर घेतली. आत घाण पाणी, अपेंडिक्स लाल. काढलं, शिवलं, बाहेर येऊन काशीबाईला म्हणाले, काळजी करू नका. फुगलेलं पोट काही उतरेना, तेव्हा मुंबईला पाठवलं. तिथे उघडल्यावर वरचं भोक सापडलं, पण फार उशीर झाला होता.

"अगं, त्याने मला वाट सांगितली होती," सर म्हणाले. "वर, असं स्पष्ट म्हणाला होता. आणि मी पुस्तकाचं ऐकलं. अजून ऑपरेशन सुरू केलं की तो माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभा राहतो. बोलत काही नाही. फेरी वर पोचली की जातो." आणि तेव्हापासून, खरं सांगते, दुर्बीण धरली की माझीही नजर त्यांच्या डाव्या खांद्यामागे जायला लागली.

गेल्या वर्षी सरच पोट धरून आले. खाली उजवीकडे. आमच्या डॉक्टरबाई, सरांच्याच हाताखाली तयार झालेल्या, त्यांना मुंबईला न्या म्हणत होत्या. सर म्हणाले, "महामार्गावर मरायची मला हौस नाही. तू कर." टेबलावर झोपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेष्टा करतील असं वाटलं होतं. केली नाही.

अपेंडिक्स वरवर लाल होतं. सोनोग्राफीतही तेवढंच दिसलं होतं. बाईंनी ते काढलं, पण थांबल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "सिस्टर, पालखी." मी दुर्बीण वर नेली आणि देवा! जठराला भोक होतंच, पण त्याच्या कडा जाड, दगडासारख्या. आणि छातीच्या पडद्याखाली पांढरे बारीक दाणे, तांदूळ सांडावेत तसे. तपासणीला पाठवायचा तुकडा बाईंनी काढला खरा, पण हा पसरलेला कॅन्सर आहे हे सगळ्यांना कळलं होतं. भोक शिवून पोट धुतलं. मी बाईंच्या डाव्या खांद्यामागे बघायचं टाळलं.

शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "वर बघितलंस का?" एवढी वर्षं ज्याचं उत्तर पाठ होतं, तो प्रश्न. मी म्हटलं, "बघितलं, सर." "नीट?" "नीट." मला रडू कोसळलं आणि त्यांना काय ते समजलं. मग म्हणाले, "म्हणजे आजार लपला नाही. बरं झालं." आणि डोळे मिटून म्हणाले, "काशीबाई आली की या वेळी तिला आत पाठव."

ती आली, पिशवी घेऊन. सर खाटेवर उठून बसले. मी निघाले तर म्हणाले, थांब. त्यांनी तिला सगळं सांगितलं. बाबू काय म्हणाला होता, आपण कुठे कापलं, भोक कुठे राहिलं. एक शब्द मऊ केला नाही. "तो वाचला असता कदाचित. माझ्याकडून चूक झाली," म्हणाले. काशीबाई ऐकत होती. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. खाली ठेवलेली पिशवी उचलली, पदर सावरला आणि गेली. "क्षमा मागण्यात एक लबाडी असते बघ," सर मला म्हणाले. "आपलं ओझं समोरच्याच्या डोक्यावर जातं." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. काशीबाई फिरकली नाही, शेवटच्या दर्शनालाही नाही.

सर गेल्यावर दुर्बीण धरणं मला कठीण जायला लागलं. बाईंच्या डाव्या खांद्यामागे आता मला दोघं उभे वाटतात. एक गप्प आणि दुसरा प्रश्न विचारणारा. बाई म्हणतात, तुला विश्रांतीची गरज आहे. असेलही.

परवा सकाळी चिंचणीहून रिक्षा आली. आत काशीबाई, पोट फुगलेलं, सारखी ओकत होती. तिच्या कधीकाळच्या ऑपरेशनच्या जागी आतडं अडकलं होतं. मुलगा म्हणाला, पालघरला न्यायला निघालो होतो, तर ही रस्त्यात हटून बसली. म्हणाली, नाय, मला दुर्बीणवाल्याच्या दवाखान्यातच न्या. एवढं ऐकून, पिशवी उचलून निघून गेलेली बाई!

टेबलावर घेतली. बाईंनी चहाच्या ग्लासवर हात शेकले आणि तिच्या पोटावर ठेवले. भूल द्यायच्या आधी काशीबाईने माझं मनगट धरलं. म्हातारीचा हात, पण पकड काय घट्ट! "तुमचा डॉक्टर खरं बोलला माझ्याशी," म्हणाली. "कोणी नाय बोलत तसं. मला ते पचवायला वेळ लागला, तवर तो गेला." मग मनगट न सोडताच म्हणाली, "बाय, दुखतंय खाली. पन तू वर पन बघ हां."

"हो, मावशी," मी म्हटलं. "आधी वरच बघते."