रक्ताची जीप आणि बाबांचा कोट

आधीच माफी मागतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. आमच्या गावची शाळा तेलुगूत होती आणि घर मराठीत. त्या दोन्हींच्या मधून मी सहावीतच बाहेर पडलो. शब्दही साधेच आहेत. पण हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत, आपोआप साचले. जीपमध्ये माणसं समोरासमोर बसतात, रस्ता खराब असतो, रेडिओ लागत नाही. मग बोलल्याशिवाय करणार काय!

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. हैदराबादहून एक डॉक्टर मॅडम आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात आल्या होत्या. वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांच्या रक्तात चरबी किती असते, आणि ती बापाकडून मुलाकडं उतरते का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांच्यासोबत प्रभाकर, रक्त काढणारा. आणि मी मारोती, जीप चालवणारा. वीज नसेल त्या गावात रक्ताच्या नळ्या हातयंत्रात बसवून गरागरा फिरवायच्या, म्हणजे लाल गाळ खाली बसतो आणि पिवळं पाणी वर येतं. ते कामही माझंच. लोक आम्हाला 'रक्ताची जीप' म्हणत.

प्रभाकरचा हात इतका हलका की सुई काढून झाल्यावर बाया विचारत, "कवा टोचतं रे भाऊ?" मॅडम त्याला मानानं 'प्रभाकर गारू' म्हणत. मला 'ड्रायव्हर'. यंत्र फिरवून खांदा माझा दुखायचा आणि पहिला चहा त्याला! मी नुसता जळायचो.

* * *

नियम असा होता की रात्री जेवल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत काही खायचं नाही. नेरडीगोंड्याजवळच्या एका गावात सारजाबाई नावाची म्हातारी आंघोळ करून, ठसठशीत कुंकू लावून, नारळ घेऊन आली. रक्त दिलं. प्रभाकरनं केळं पुढं केलं तर घेईना.

"उपास फळल्याबिगर सोडत नाई मी. आधी सांग, रक्त कसं निघालं?"

रिझल्ट यायचा हैदराबादहून, तोही महिन्यानं! मॅडम समजावून थकल्या. शेवटी प्रभाकरनं नळी उन्हात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "आजी, पैल्या नंबरनं पास!"

म्हातारीनं केळं खाल्लं. नारळ त्याच्या हातात दिला. "तुले सोन्यासारखी बायको भेटंल, बाप्पा."

तिचीच नळी घेऊन मी यंत्राकडं निघालो होतो. वाटलं, एखादा आशीर्वाद आपल्यालाही.

माझ्याकडं पाहून म्हणाली, "अन् तू सांडू नको!"

* * *

उटनूरच्या जंगलातल्या एका गोंड गावातलं रक्त फार चांगलं निघालं, चरबी अगदी बेताची. मॅडम खूश. प्रभाकरला तोंड आवरत नाही. रस्त्यात आमच्या मराठी लोकांचं एक गाव लागतं, तिथं चहा पिताना तो बोलून गेला.

झालं! आठवड्यानं आम्ही तिथून जात होतो तर वेशीवर गाव उभा. धुतलेली धोतरं, तेल लावलेले केस. पुढं पटेल.

"मॅडम, आमचं पुन्यांदा घ्या."

"का? घेतलंय ना आपका!"

"तवा आमी कापूस वेचून दमून आलो होतो. आता नीट देतो."

मॅडम म्हणाल्या, असं नसतं. दमल्यानं बदलत नाही. ज्याचं जसं घराण्यातून आलं तसं असतं. पटेलांनी बराच विचार केला. मग मॅडमच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "मंग असं करा. कागदावर दाखवासाठी त्याहीचं थोडं आमच्यात मिसळा!"

* * *

इचोड्याचा किस्सा सांगताना प्रभाकर अजून उठून उभा राहतो.

तिथं एक शेट होते. भाजी असो की भात, वर तूप हवंच. त्यांच्याच दुकानात किसन नावाचा हमाल, काडीसारखा. घरी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. दोघांचंही रक्त नेलं. रिझल्ट आला तर शेटचं रक्त स्वच्छ आणि किसनच्या रक्तात चरबीच चरबी!

शेटनं पेढे वाटले. किसनची बायको गंगूबाई मात्र पदर खोचून जीपजवळ आली.

"मॅडम, आमच्या घरी तूप दिवाळीले येते. याच्या रक्तात कुठून आलं?"

"अहो, तसं नाही..."

"तसं नाई तर कसं? हा रोज उशिरा घरी येऊन राह्यला. म्हणे दुकानात काम होतं! कोणाच्या घरी तूप खाऊन राह्यला, ते मशीनमधून निघते का?"

किसन बिचारा हात जोडून, "माय शप्पथ, मी नाई!"

मॅडमनी तिला खाली बसवलं. सांगितलं, चरबी ताटातून थोडी येते, पण याची ही बापाकडून आली आहे. बापाच्या रक्तात होती, म्हणून याच्या रक्तात.

 किसनचा म्हातारा बाप तिथंच जीपच्या सावलीत बसला होता. गंगूबाईनं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"मामंजी! मंग तुमी कुठं जात होते?"

* * *

आता आमच्या घरचं सांगतो.

आमचे बाबा कापसाच्या शेतातच वारले. वेचणी चालू होती, छातीला हात लावला आणि खाली बसले ते बसलेच. चाळिशीही झाली नव्हती. मी लहान होतो. दादा थोडा मोठा.

दादा म्हणजे हुबेहूब बाबा. तीच उंची, तोच आवाज, तेच चालणं. टाचेच्या मागची शीर बाबांची दोरीसारखी जाड होती, तर याचीही तशीच! भजनात बाबांची जागा त्याला मिळाली. बाबांचा काळा कोट त्याला बसला. पाहुणे आले की म्हणत, "बापानं फिरून जल्म घेतला." मग माझ्याकडं पाहत आणि काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणत, "हा मामावर गेला."

एकदा संध्याकाळी दादा तो कोट घालून दारात उभा राहिला. आई चुलीपाशी होती. तिनं झटकन पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "आलात?" आम्हाला ती अरे-तुरे करायची, बाबांनाच तेवढी अहो-जाहो. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती हसली आणि रडलीही. दादा हा किस्सा गावभर सांगायचा. सगळे म्हणायचे, "वा!"

मी तेवढा त्या वेळी बैलांना पाणी पाजायला उठायचो.

* * *

मग रक्ताची जीप आमच्याच गावात आली. ज्यांच्या घरात कोणी तरणंताठं छातीत दुखून गेलं, अशी घरं मॅडमना हवी होती. म्हणजे आमचं पहिलं.

दादा सापडेना! शोधलं तर कडब्याच्या गंजीमागं बसलेला. एवढा सहा फुटी गडी, सुईला घाबरला!

मला जो आनंद झाला तो काय सांगू. गावासमोर मी शर्टाची बाही वर केली आणि म्हणालो, "प्रभाकर, आधी माझं घे. दादाले दाखव, काही होत नाई म्हणून." प्रभाकरनं घेतलं. मी डोळ्याची पापणीही हलवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझ्याकडं पाहत होते.

मग दादाला धरून आणलं. सुई दिसली आणि दादा आडवा! तोंडावर पाणी मारलं, पोरं हसली, बाया हसल्या. मी मनात म्हणालो, आता बोला कोणावर गेला!

तेवढ्यात आमचे म्हातारे तुकाराम काका काठी टेकत पुढं आले. दादाकडं पाहता पाहता त्यांचे डोळे भरले.

"अगदी बाप! तोबी देवीची लस टोचायले आले की असाच पडे!"

* * *

महिन्यानं रिझल्ट आला. मॅडम स्वतः आमच्या गावी आल्या, पण घरी जायच्या आधी जीप रस्त्याकडेला पळसाखाली थांबवायला सांगितली. दादाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, फार जास्त आहे. त्याच्या टाचेची जाड शीर पाहिली तेव्हाच वाटलं होतं, चरबी तिथंही साचते. तुमच्या बाबांनाही हेच असणार.

मला धक्का बसला नाही. तेही दादालाच मिळणार होतं. मी विचारलं, "अन् माझं?"

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. मग पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. "मारोती, तुझं पण. उससे भी ज्यादा."

"दादापेक्षा?"

"हां."

"म्हणजे बाबांचंच आलं, मॅडम? मामाचं नाही?"

"बाबांचंच. समजतं का तुला, हे किती वाईट आहे? उद्याच दोघं हैदराबादला या. तपासणी करू, गोळ्या देऊ. बाबांसारखं होऊ द्यायचं नाही."

प्रभाकर मागून म्हणाला, "अबे, हसून काऊन राह्यला?"

मला माहीत नव्हतं मी हसतोय.

घरी मॅडमनी सगळं नीट सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली, तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. दादा म्हणाला, "आमी नाई येत. तिथं पुन्हा टोचतील."

"दादा, बाबा कापसात पडले तवा मी त्याहीजवळ होतो," मी म्हणालो. एवढं मोठं वाक्य मी दादाशी कधी बोललो नव्हतो. "तू पडला तर मी काय करू?"

दादा खाली पाहत होता. म्हणाला, "बरं. येतो." मग जरा घुटमळला. "मॅडम, याचं माझ्यापेक्षा जास्त निघालं?"

"हो."

"मशीन बराबर पाह्यली ना? याचं कसं काय जास्त? हा तर मामावर गेला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादची बस गाठायची होती. दादा उठायच्या आधी मी आंघोळ केली आणि खुंटीवरचा बाबांचा कोट काढून घातला. बाह्या बोटांच्या पुढं येत होत्या, त्या आत दुमडल्या. दारात जाऊन उभा राहिलो. आई चुलीत फुंकर मारत होती. माझी सावली तिच्यापुढं पडली तशी तिनं मान वर न करताच पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बसा. चहा टाकते."

मी बसलो.