चार बोटं दुमड

पेनाच्या टोकानं तिनं माझ्या नातीचा फ्रॉक उचलला. हातानं नाही, पेनानं.

अंबरनाथचा दवाखाना. दार सताड उघडं, बाकावर बाया बसलेल्या. माझी चिमी तापानं फणफणलेली. जन्मतःच तिच्या रक्तात आईकडून एचआयव्ही आलेला. आई, म्हणजे माझी लेक, त्यातच गेली. डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट वाचला, फ्रॉकच्या घेराकडे बघितलं नि हसली.

"आजी, एवढी दुमड कशाला? ही कुठं वाढणार आहे? शाळेचं तोंड बघायची नाही."

बाकावरची एक बाई आपलं पोर उचलून लांब सरकली.

मी उल्हासनगरात घरीच मशीनवर फ्रॉक शिवते. पोराचा कपडा कुणी बेताचा शिवतं का? चार बोटं दुमड ठेवायची, पोर वाढलं की उसवायची. त्यात हसण्यासारखं काय होतं, सांगा ना.

मी फ्रॉक पेनावरून सोडवला. बोलले, "बाई, तुम्ही ताप बघा. दुमड माझी मी बघीन."

मी पोर उचललं, थेट सरकारी हॉस्पिटल गाठलं. तिथं गोळ्या सुरू झाल्या.

आणि वाढली हो! दुमड उसवली, परत उसवली. जुन्या घडीची रेघ कापडावर राहतेच. चिमी तिच्यावर बोट फिरवायची. "आजे, मी इथवर होते ना? आता बघ, जिराफ झालेय तुझी नात!" शाळेत गेली. पाढे म्हणून माझं डोकं उठवायची.

मग टीबीनं चिमीची छाती धरली. दिवाळीच्या फ्रॉकची दुमड तशीच राहिली. त्याच फ्रॉकात नेली तिला. उसवायची होती हो मला ती.

मातीला आलेलं कुणी पुटपुटलं, "डॉक्टरनं सांगितलंच होतं."

खोटं. डॉक्टरीणबाईनं तर शाळेचं तोंड बघायची नाही म्हटलं होतं. माझी चिमी पाढे म्हणत होती.

परवा माझ्या गोळ्या आणायला त्याच सरकारी हॉस्पिटलात गेले, तर औषधाच्या खिडकीशी वांगणीची एक पोर तान्हं घेऊन उभी. डोळे सुजलेले, बाळाला चिमीचाच आजार. "मावशी, किती जगेल हो?"

मला काय ठाऊक? मी टेप काढला, बाळाचं माप घेतलं. म्हटलं, "औषध चुकवू नकोस. फ्रॉक मी शिवते."

काल शिवला. चार बोटं दुमड ठेवून. कुणी पेनानं उचलू दे, कुणी हसू दे. मरणाच्या मापाचा कपडा माझ्या मशीनवर शिवला जाणार नाही.