फक्त हातपाय

काठी माझ्या उजव्या हातावर पडली तेव्हा मला लागलंच नाही. मी ती पडताना बघितली. खाडकन आवाज ऐकला. पंजाच्या पाठीवरची कातडी फाटली, रक्त मॅटवर ठिबकलं. पण दुखलं नाही. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या हाताला काही कळतच नव्हतं. मारणाऱ्याचं नशीब चांगलं. डाव्या हातावर मारली असती तर मी त्याच हातानं त्याचा गळा धरला असता.

मारणारे निवृत्त हेडमास्तर होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांना कंपवात, मला अर्धांगवायू. कोल्हापुरातल्या त्या उपचार केंद्रात आम्ही दोघंही पेशंट, एकाच हॉलमध्ये. तिथं फरशीवर एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. त्या पट्टीवरून चालायचं आणि चालता चालता डोकं चालवायचं. शंभरातून सात-सात वजा करत यायचं, नाहीतर महिन्यांची नावं उलटी म्हणायची. रस्त्यावर माणूस नुसता चालत नाही. चालता चालता बोलतो, हिशोब करतो, गाडी येते का बघतो. म्हणून पाय आणि डोकं एकाच वेळी कामाला लावायचं. केंद्राच्या मॅडम हे प्रत्येक पेशंटला समजावून सांगायच्या. मी बाजूला मॅटवर बसून ऐकायचे. ती पट्टी माझ्यासाठी नव्हती.

पहिल्या दिवशी मॅडमनी माझं कार्ड भरलं. आडनाव विचारलं. ऐकून जरा थांबल्या. हे थांबणं मी लहानपणापासून ओळखते. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे हे लोकांना आडनावातच दिसतं.

"काय करत होता?"

"एसटीत कंडक्टर."

जीभ जड होती, शब्द लोंबकळत बाहेर आला. मग मॅडम माझ्याशी बोलल्याच नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना डोक्याचं काही नको, उगाच गोंधळतील. हातपाय हलले की झालं." कार्डावर दोन रकाने होते, शरीर आणि मेंदू. मेंदूच्या रकान्यावर त्यांनी आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, फक्त हातपाय.

मी तोंड उघडलं तर अक्कानं माझा दंड दाबला. "गप बस की. शिकलेली माणसं हाईत, त्यास्नी कळतंय."

त्यांना काय कळत होतं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. सगळे निघाले, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "जाता जाता तेवढी मॅट पुसून घ्या. व्यायामच होईल तुमचा." सरांना नाही सांगितलं. दुसऱ्या कुणालाच नाही. मला सांगितलं. आणि मी पुसली. लिहायला लाज वाटते, पण पुसली. लुळा पाय ओढत, डाव्या हातानं, तीन आठवडे.

मला याची सवय होती ना. शाहूवाडीकडच्या आमच्या शाळेत गुरुजी मला वर्ग झाडायला लावायचे. बाकीची पोरं रांगेत बसून पाढे म्हणायची आणि मी केरसुणी घेऊन त्यांच्या पायांमधला केर काढायचे. हात केरसुणीवर, कान पाढ्यावर. एकोणतीसचा पाढा मी असा वाकून पाठ केला. बसलेल्यांतल्या निम्म्यांना आला नाही. पुढं बावीस वर्षं एसटीत काढली. घाटात गाडी वळणं घेतीय, मी सीटला कंबर टेकवून उभी, हातात तिकिटं, डोक्यात कोण कुठं चढलं, कोण कुठं उतरणार. मॅडम जे त्या पट्टीवर शिकवत होत्या, ते करत माझा जन्म गेला होता. आणि माझ्याच रकान्यावर रेघ!

तर त्या दिवशी सर पट्टीवरून येत होते. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तिथं अडले. आकडा अडला आणि पायही फरशीला चिकटले. कपाळावर घाम. मला बघवलं नाही. मी मॅटवरून म्हणाले, "बहात्तर." सावकाश म्हणाले, पण बरोबर म्हणाले.

"तुझी अक्कल कुणी विचारली?" सर म्हणाले आणि काठी मारली.

मॅडम धावत आल्या. सरांकडं. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं रक्त मॅटवर पडत होतं. मग माझ्याकडं वळल्या. "मध्ये कशाला बोललात? त्यांचं लक्ष विचलित झालं. पेशंट आहेत ते. माफी मागा."

मग मी कोण होते?

अक्कानं आधीच हात जोडले होते. मीही माफी मागितली. शब्द नीट उमटला नाही, तर सर म्हणाले, "ऐकू आलं नाही." मी पुन्हा मागितली. त्यानंतर मॅट पुसली. माझंच रक्त मी पुसलं.

दोन दिवसांनी रिक्षा स्टॉपवर मी बरी चालत होते. एका रिक्षावाल्यानं हाक मारली, "मावशी, कुठं जायाचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पाय जागच्या जागी थांबला. अंग पुढं गेलं. तोंड फुटपाथच्या कडेवर आपटलं. पुढचे दोन दात मोडले. एक हातात आला, एक सापडलाच नाही.

अक्का रडत होती. मी तोंडातलं रक्त थुंकत बसले होते आणि मला सगळं लख्ख दिसत होतं. मी बोलायला गेले म्हणून पडले. चालणं आणि बोलणं एकत्र करायला त्यांनी मला शिकवलंच नव्हतं. ज्या रकान्यावर रेघ मारली, नेमकी तिथंच मी कोसळले. माझे दात त्या रेघेनं पाडले होते. मला इतका संताप आला, की त्या क्षणी मॅडम समोर असत्या तर मी त्यांचं तोंड त्याच दगडावर आपटलं असतं.

"आता तिथं न्हाय जायाचं," अक्का म्हणाली.

"जायाचं," मी म्हणाले. "आणि तू हात जोडायचं न्हाईस."

हॉल भरलेला होता. मी सरळ पिवळ्या पट्टीवर जाऊन उभी राहिले.

"तुमचं तिकडे," मॅडम म्हणाल्या.

मी चालायला लागले. मोठ्यानं म्हणायला लागले. माझी राधानगरीची गाडी, परतीचे स्टॉप. राधानगरी. आमजाई व्हरवडे. सिरसे. कौलव. भोगावतीला पाय अडकला आणि मी गुडघ्यावर आपटले. अक्का धावली. "हात लावू नगंस!" मी ओरडले. उठले. पुन्हा पट्टीच्या टोकाला गेले. पुन्हा राधानगरी.

"हिला कुणी इथं सोडलं?" सर खुर्चीतून उठत म्हणाले. "कोट्यातनं वर आलेली माणसं! आता आमच्या डोक्यावर नाचणार!"

काठी उचलली त्यांनी. या वेळी मी ती डाव्या हातानं पकडली. ओढली. सर लडखडले, दोघांनी त्यांना धरलं. काठी माझ्या हातात राहिली आणि मी ती वर उचलली. खोटं कशाला सांगू, मला मारायचंच होतं. त्यांच्या टकलावर नेम धरला होता. त्या हाताला सगळं कळत होतं. काठीची मूठ घामानं ओली होती, तेही कळत होतं.

मारली नाही. दया वगैरे आली नव्हती. मारली असती तर मॅडमनी कार्डावर माझ्याबद्दल जे लिहिलं होतं ते उद्या सगळ्या गावानं खरं मानलं असतं. मी काठी दाराच्या काचेवर फेकली. काच खळकन खाली आली.

"पोलीस बोलावते मी," मॅडम म्हणाल्या.

"बोलवा. ह्या हातावरची जखम त्यास्नी बी दावतो. आधी माझं कार्ड आणा."

त्यांनी आणलं नाही. मीच टेबलावरून उचललं. डाव्या हातात पेन धरलं आणि मेंदूच्या रकान्यात, त्या रेघेवर, पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्या अक्षरात एक शब्द लिहिला. आहे.

केंद्रानं मला काढून टाकलं. काचेची भरपाई मागितली. मी लेखी तक्रार दिली आहे, तिचं उत्तर अजून नाही. कार्ड मात्र माझ्याकडंच आहे. आता रोज सकाळी अक्का आमच्या गल्लीत विटेच्या तुकड्यानं रेघ ओढते आणि मी तिच्यावरून चालते. भोगावती ओलांडली. परिते ओलांडलं. हळदीला अजून पाय अडकतो, परवाच कोपर फोडून घेतलं. दात नाहीत म्हणून गावांची नावं फुसफुसत बाहेर येतात. तरी म्हणते, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

न पडता कोल्हापुरात पोचले, की दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये जाणार. कुणी बोलावणार नाही, तरी जाणार. पिवळ्या पट्टीवर उभी राहून शंभरातून सात-सात वजा करत येणार. मॅटला हात लावणार नाही. आणि कुणी काठी उचललीच, तर या वेळी मी ती काचेवर फेकणार नाही.