डब्याला उशीर झाला ती दुपार

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. खाली दुकान, वर खोली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "माप जुळलं नाही" म्हणून हसण्यावारी न्यायचे. धाकटी बहीण समोरच्याच इमारतीत नांदत होती. दुपारचा डबा तिच्याकडून यायचा आणि तो ती स्वतः घेऊन यायची. मास्तर जेवत, ती स्टुलावर बसून गल्लीतल्या भानगडी तिखटमीठ लावून सांगायची.

मधुमेह निघाला तेव्हा मास्तरांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. गोड बंद आणि सकाळी गोळी, एवढंच ना! पण हळूहळू भलत्याच गोष्टी व्हायला लागल्या. नवा चष्मा चार दिवसांत धूसर दिसायला लागला. चष्मेवाल्याशी कडाडून भांडले. त्यानं पुन्हा तपासलं तर नंबरच बदललेला. सुई बोटात घुसली तरी कळेना. पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला, की मग बोट बघायचे. संध्याकाळी मित्रांबरोबर फिरायला जाणंही सुटलं, कारण जरा चाललं की आडोसा शोधावा लागे आणि मित्र ताटकळत उभे राहत. पुढे कोणी हाक मारली की मास्तर आतूनच सांगायचे, "आज कामाची गर्दी आहे रे." मशीन तेव्हा झाकलेलं असायचं.

एका दुपारी बहिणीला उशीर झाला. ती धापा टाकत आली तेव्हा मास्तर घामानं निथळत होते आणि एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट बसवून बघत होते.

"दादा, अरे, ऐन वेळी गॅस संपला..."

मास्तर तिच्यावर असे काही तुटून पडले, की गिऱ्हाईक टाचण्या लावलेल्या कोटासकट रस्त्यावर गेलं. बहिणीनं डबा टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. पोटात चार घास गेल्यावर मास्तरांचा घाम थांबला, डोकं ताळ्यावर आलं. आपण ओरडलो, हे आठवत होतं. काय ओरडलो, ते काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मेहुणे आले.

"ती कुठंय?"

"काम आहे तिला," असं म्हणून ते उभ्या उभ्याच परतले.

मग रोज तेच. मास्तर रेडिओ लावून जेवायला लागले. समोरच्या गॅलरीत बहीण कपडे वाळत घालायला आली की हे खिडकीशी जात. ती पाठ फिरवून उरलेले कपडे झटकायची.

असेच काही आठवडे गेले. एकदा मास्तर दोऱ्याची रिळं घेऊन परत येत होते, तेव्हा कोपऱ्यावरची भाजीवाली ओरडली, "मास्तर, दुसरी चप्पल कुठं सांडलीत?"

मास्तरांनी खाली पाहिलं. एक पाय अनवाणी. चप्पल कधी निसटली, पत्ताच नव्हता. लोक हसले, तेही हसले. वर येऊन तळवा पाहिला तर त्यात काच रुतलेली. दुखत मात्र काहीच नव्हतं. तेव्हा ते खरे घाबरले आणि दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी काच काढली, पट्टी बांधता बांधता चौकशी केली. "जेवायला उशीर झाला की घाम फुटतो? चिडचिड होते?"

"चिडचिड?"

"साखर एकदम उतरली की माणूस वाट्टेल ते बोलून जातो. पुष्कळदा नंतर आठवतही नाही. खिशात साखर ठेवत जा. आणि घरच्यांना सांगून ठेवा."

मास्तर पट्टी बांधलेला पाय जपत तडक बहिणीकडे गेले. दार उघडताच तिनं पट्टी पाहिली. "अगंबाई! काय झालं पायाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. पायाचं, साखरेचं, त्या दुपारचं. "ते माझ्या मनातलं नव्हतं गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं."

"होत असेल," ती म्हणाली. "पण माझ्याकडे बघूनच बोललास ना."

"मी बोललो तरी काय?"

"तुला खरंच आठवत नाही?"

"शप्पथ."

"मग राहू दे."

"अगं, माफी कशाची मागतोय, ते तरी कळू दे मला."

"नको दादा. तुला आठवत नाही तेच बरं. मला पुन्हा ते तोंडानं म्हणायचं नाहीये." तिनं पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. "बस. लगेच जिने उतरू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा येऊ लागली, तीही वेळेच्या आधी. "गोळी घेतलीस? पाय बघू," एवढं विचारते, त्यांनी पहिला घास घेतलेला बघते आणि "येते" म्हणून निघते.

ती गेली की मास्तर शिलाई मारता मारता आठवत बसतात. तिला मूल झालं नाही, त्यावर बोललो असेन? की आईच्या शेवटच्या आजारपणात ती आली नव्हती, त्यावर? एकेक वाक्य मनात म्हणून बघतात. यातलं कुठलंही आपल्या तोंडून निघालं असेल, असं त्यांना वाटतं. मग ते मशीन थांबवतात.